दाराप्तीमधला 'प'

तर्कशास्त्राची दोन पाठ्यपुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एक स्टॅन्ली जेव्हन्स यांचे, १८७० सालचे. दुसरे इर्व्हिंग कोपी यांचे, १९५३ साली प्रथम निघालेले आणि आपल्याकडच्या महाविद्यालयांतही पुष्कळ वापरले गेलेले. दोन आधारविधानांवरून तिसरे विधान काढण्याच्या अनुमानाला, म्हणजे संवाक्याला, जे वैध आकार असू शकतात त्यांची यादी दोन्हींत आहे. जेव्हन्सच्या यादीत १९ आकार आहेत, कोपीच्या यादीत १५. मधल्या ८३ वर्षांत चार आकार यादीतून गेले.

ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. निगामी तर्कशास्त्राची सारी प्रतिष्ठा त्याच्या अढळपणावर उभी आहे. भौतिकशास्त्रातले सिद्धान्त बदलतात, वैद्यकातले उपचार बदलतात. पण 'हे मान्य केले की ते मान्य करावेच लागते' हे नाते बदलत नाही, असे आपण समजून चालतो. पाढ्यांच्या पुस्तकातून चार ओळी गाळल्या गेल्या तर आपण जितके अस्वस्थ होऊ, तितकेच या चार आकारांच्या जाण्याने व्हायला हवे. मग दोन हजार वर्षे माणसे चुकीचे तर्क बरोबर समजत आली होती काय? की नव्या मंडळींनीच काही गैर केले? या लेखात आम्ही त्या चार आकारांपैकी एकाचा, 'दाराप्ती' नावाच्या आकाराचा, माग काढणार आहोत.

आरंभी एक खुलासा. अनुमानाची वैधता आणि विधानाची सत्यता या वेगळ्या गोष्टी आहेत. 'सर्व पक्षी सस्तन आहेत, सर्व कावळे पक्षी आहेत, म्हणून सर्व कावळे सस्तन आहेत' हे अनुमान वैध आहे, जरी त्याचे पहिले विधान आणि निष्कर्ष दोन्ही असत्य आहेत. वैधतेची हमी एवढीच असते, की आधारविधाने सत्य असतील तर निष्कर्ष असत्य असणार नाही. ही हमी कावळ्यांमुळे किंवा पक्ष्यांमुळे येत नाही, वाक्यांच्या आकारामुळे येते. त्या जागी दुसरी कोणतीही पदे घातली तरी ती टिकली पाहिजे.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने 'पूर्व विश्लेषणे' या ग्रंथात हे प्रथम पद्धतशीरपणे मांडले. तिथे वैध आकारांइतकीच अवैध आकारांची छाननी आहे, आणि ती करण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. एखादा आकार अवैध आहे हे दाखवायला तो तीन पदांचे दोन संच देतो. उदाहरणार्थ, 'सर्व माणसे प्राणी आहेत, एकही घोडा माणूस नाही': दोन्ही विधाने खरी, आणि सर्व घोडे मात्र प्राणी आहेत. आता घोड्याच्या जागी दगड घाला. 'सर्व माणसे प्राणी आहेत, एकही दगड माणूस नाही': पुन्हा दोन्ही खरी, पण एकही दगड प्राणी नाही. आधारविधानांचा आकार तोच असून वस्तुस्थिती एकदा 'सर्व' निघते आणि एकदा 'एकही नाही'. तेव्हा या आकारातून कोणताच निष्कर्ष निघत नाही. युक्तिवाद अवैध ठरवायला त्याच आकाराचे एक प्रतिउदाहरण पुरते, ही आजही शिकवली जाणारी कसोटी तेव्हापासूनची आहे.

ॲरिस्टॉटलने तीन आकृतींत मिळून १४ वैध आकार सिद्ध केले. पुढे त्यांत चौथ्या आकृतीतल्या पाचांची भर पडून ते १९ झाले. जिथे 'सर्व' असा निष्कर्ष निघतो तिथे 'काही' असाही काढता येतो, हे जमेला धरून आणखी पाच मिळाले आणि संभाव्य २५६ आकारांपैकी २४ वैध ठरले. तेराव्या शतकातल्या युरोपीय विद्यापीठांत या १९ आकारांना नावे मिळाली आणि ती मुखोद्गत करण्यासाठी लॅटिन श्लोक रचले गेले. शेरवुडचा विल्यम आणि स्पेनचा पीटर यांच्या पाठ्यपुस्तकांतून ते पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले. बार्बारा, सेलारेंट, डारीई, फेरिओ अशी ती नावे. आपल्याकडच्या पाठशाळांतल्या घोकंपट्टीची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

पण ही नावे निरर्थक नाहीत. त्यांतले प्रत्येक अक्षर कामाला लावलेले आहे. स्वरांवरून विधानांचे प्रकार कळतात: 'आ' म्हणजे 'सर्व आहेत', 'ए' म्हणजे 'एकही नाही', 'इ' म्हणजे 'काही आहेत', 'ओ' म्हणजे 'काही नाहीत'. आद्याक्षरावरून तो आकार पहिल्या आकृतीतल्या कोणत्या मूळ आकारात रूपांतरित करायचा हे कळते. आणि मधली काही व्यंजने रूपांतराची कृती सांगतात. 'म' म्हणजे आधारविधानांची अदलाबदल करा. 'स' म्हणजे विधान सरळ उलटा: 'काही कवी शिक्षक आहेत' यावरून 'काही शिक्षक कवी आहेत'. 'प' म्हणजे उलटवताना 'सर्व'चे 'काही' करा: 'सर्व कवी वाचक आहेत' यावरून 'काही वाचक कवी आहेत'.

आता दाराप्ती. स्वर आ, आ, ई. आद्याक्षर 'द', म्हणजे डारीईत रूपांतर. दुसऱ्या 'आ'नंतर 'प', म्हणजे दुसरे विधान 'सर्व'चे 'काही' करून उलटायचे. आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ:

प्रत्येक परीस लोखंडाचे सोने करतो.
प्रत्येक परीस हा दगड असतो.
म्हणून काही दगड लोखंडाचे सोने करतात.

कृती सांगितल्याप्रमाणे केली तर दुसरे विधान 'काही दगड परीस असतात' असे होते, आणि निष्कर्ष बिनतक्रार निघतो. पण निघाला तो निष्कर्ष काय म्हणतो? लोखंडाचे सोने करणारे दगड जगात आहेत. आधारविधाने तर आम्ही केवळ परीस या शब्दाचा अर्थ सांगावा तशी मान्य केली होती. ज्याला परीस म्हणतात तो दगड असतो आणि तो सोने करतो, एवढेच. शब्दाच्या अर्थातून दगड कुठून आला?

तो 'प'मधून आला. 'सर्व'कडून 'काही'कडे जाताना आपण निमूटपणे गृहीत धरले, की ज्यांच्याविषयी बोलतो आहोत ते जगात आहेत. ॲरिस्टॉटलच्या मूळ सिद्धतेतही हे दिसते. या आकाराची दुसरी सिद्धता देताना तो म्हणतो त्याचा आशय असा, की मधल्या पदाखाली येणाऱ्यांपैकी एक घ्या. त्या एकाला दोन्ही गुण लागू पडतात, तेव्हा काम झाले. एक परीस हातात घ्या, असेच हे झाले. हातात घ्यायला परीस असेल तर सिद्धता निर्दोष आहे.

इथे एक मौजेची गोष्ट लक्षात येते. यादीतून गेलेले चार आकार म्हणजे दाराप्ती, फेलाप्टोन, ब्रामान्टिप आणि फेसापो. चौघांच्या नावांत 'प' आहे. उरलेल्या पंधरांपैकी एकाच्याही नावात तो नाही. तेराव्या शतकातल्या कोणा अनामिक पंतोजीने विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी जे अक्षर खुणेसाठी घातले, त्याच अक्षराच्या जागी सहाशे वर्षांनी सांधा निखळला. दुखरी जागा कुठे आहे हे नावातच लिहून ठेवलेले होते.

सांधा निखळला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तो कुणा एकाने निखळवला नाही. १८४७ साली जॉर्ज बूलने विधानांना समीकरणांचे रूप दिले. त्यात 'सर्व परीस दगड असतात' याचा अर्थ 'दगड नसलेला परीस शून्य' असा होतो. या वाक्यात एक नकार आहे, परीस असल्याचे आश्वासन नाही. १८७४ साली फ्रान्झ ब्रेन्टानोने स्वतंत्रपणे हेच प्रतिपादले, की 'सर्व' हे विधान मुळात नास्तित्व सांगते. फ्रेगेच्या १८७९ सालच्या चिन्हलिपीत 'सर्व' हे 'जर-तर' बनले: कोणतीही वस्तू घ्या, ती परीस असेल तर ती दगड असेल. १८८० साली जॉन व्हेन यांनी आपल्या आकृत्या मांडल्या. त्यांत 'सर्व' म्हणजे वर्तुळाचा एक भाग काळा करून 'इथे कोणी नाही' असे सांगणे. दाराप्तीची दोन्ही विधाने व्हेनच्या वर्तुळांत काढून पाहावीत. काळे भाग वाढतात, पण निष्कर्षासाठी जिथे फुली हवी तिथे फुली मारण्याचा अधिकार कोणतेच विधान देत नाही.

हा नवा अर्थ स्वीकारण्यामागे केवळ चिन्हांची सोय नव्हती. 'येथे कचरा टाकणाऱ्यास दंड होईल' ही पाटी तेव्हाच पूर्ण यशस्वी होते, जेव्हा तिथे कचरा टाकणारा कोणी नसतो. तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. कोणतेही बल न लागलेली वस्तू सरळ रेषेत सम गतीने जात राहते असे न्यूटन सांगतो. तशी वस्तू कुणी पाहिलेली नाही. गणितात तर अमुक गुणधर्माची संख्या आहे की नाही हे ठरवण्यासाठीच आधी तिच्याविषयी 'असली तर अशी असेल' अशी विधाने करावी लागतात. अस्तित्व आधी सिद्ध केल्याशिवाय 'सर्व' म्हणायचे नाही असा दंडक घातला, तर शोध घेणेच थांबेल.

या बदलाला सर्वांत नेटके रूप दिले ते क्रिस्टीन लॅड या अमेरिकन विदुषीने. १८७८ साली तिला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, स्त्रियांना प्रवेश नसताना, गणितज्ञ सिल्व्हेस्टर यांच्या शब्दाखातर अपवाद म्हणून बसू दिले होते. तिथे चार्ल्स पर्स यांच्या हाताखाली तिने तर्कशास्त्राचा अभ्यास केला आणि १८८३ साली तिचा प्रबंध पर्स यांनी संपादित केलेल्या संग्रहात छापला गेला. तिची कल्पना अशी: निष्कर्ष काढण्याऐवजी निष्कर्षाचा नकार आधारविधानांच्या शेजारी ठेवा आणि तिन्ही एकत्र नांदू शकतात का पाहा.

एकही कावळा पांढरा नाही. या झाडावरचा प्रत्येक पक्षी पांढरा आहे. या झाडावर एक कावळा आहे. ही तीन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. त्यांपैकी कोणतीही दोन मान्य करा, तिसऱ्याचा नकार आपोआप मिळतो. पहिली दोन मान्य केली तर झाडावर कावळा नाही. पहिले आणि तिसरे मान्य केले तर झाडावरचा एक पक्षी तरी पांढरा नाही. शेवटची दोन मान्य केली तर एक कावळा तरी पांढरा आहे. लॅडने दाखवले, की पंधराही वैध आकार या एकाच विसंगत त्रयीची रूपे आहेत. चार आकृत्या, एकोणीस नावे, लॅटिन श्लोक, रूपांतराच्या कृती, सगळे एका सूत्रात सामावले. दाराप्ती मात्र त्यात बसत नाही. 'प्रत्येक परीस सोने करतो', 'प्रत्येक परीस दगड असतो', 'एकही दगड सोने करत नाही' ही तीन विधाने सुखाने एकत्र नांदतात. अट एकच, परीस नसला पाहिजे.

लॅडचे काम १८८२ सालीच पूर्ण झाले होते. पण ती स्त्री असल्यामुळे विद्यापीठाने तिला पदवी दिली नाही. ती मिळाली १९२६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी. 'सर्व अटी पूर्ण करणाऱ्यांना पदवी दिली जाते' या विधानाचे तोवरचे मोल काय होते, हे वाचकांनीच ठरवावे.

तेव्हा जुने लोक चुकले, असा निकाल द्यायचा का? आम्हाला तसे वाटत नाही. मध्ययुगातल्या पंडितांना रिकाम्या पदांची जाण नव्हती असे नाही. त्यांचे आवडते उदाहरण किमेरा नावाच्या काल्पनिक प्राण्याचे. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ ब्युरिदाँ याने घेतलेली भूमिका अशी, की होकारार्थी विधानाचे उद्देश्य अस्तित्वातच नसेल तर ते विधान असत्य. या नियमाने 'प्रत्येक परीस दगड असतो' हे असत्यच ठरते. मग आधारविधान असत्य असताना निष्कर्ष असत्य निघाला, यात वैधतेला धक्का कुठे बसला? हा नियम नीट पाळला तर जुने चोवीसच्या चोवीस आकार आजही वैध राहतात. विसाव्या शतकात युकासिएविच यांनी १९५१ साली दाखवून दिले, की ॲरिस्टॉटलची व्यवस्था रिकामी पदे वगळून चालते आणि त्या मर्यादेत ती निर्दोष आहे. तर १९५२ साली स्ट्रॉसन यांचे म्हणणे पडले, की रोजच्या भाषेत 'माझी सर्व मुले झोपली आहेत' असे मुले नसलेला माणूस म्हणू लागला तर आपण ते खरे-खोटे ठरवत बसत नाही. तो प्रश्नच उद्भवत नाही असे म्हणतो.

म्हणजे बदलली ती बुद्धी नव्हे, बदलला तो 'सर्व' या शब्दाविषयीचा करार. 'सर्व' म्हणताना वक्ता अस्तित्वाची हमी देतो की नाही, हे आधी ठरवावे लागते. ते ठरले, की कोणते आकार वैध हे अढळपणे ठरते. ते न ठरवता वैधतेची यादी मागणे म्हणजे मापाचे एकक न सांगता लांबी विचारणे होय.

हाच प्रश्न आपल्याकडे वेगळ्या वाटेने आला होता. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा न्यायदर्शनाचा प्रवेशग्रंथ. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची सटीप आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली. हेत्वाभासांच्या, म्हणजे सदोष हेतूंच्या, प्रकरणात अन्नंभट्ट 'आश्रयासिद्ध' नावाचा दोष सांगतो, आणि त्याचे उदाहरण आहे आकाशातल्या कमळाचे. आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, जसे सरोवरातले कमळ. हेतू आणि साध्य यांच्या संबंधात इथे खोट काढलेली नाही. दोष एवढाच, की ज्याच्याविषयी बोलायचे तो आश्रयच नाही. परिसाचे आणि या कमळाचे गोत्र एकच.

नैयायिकांच्या पंचावयवी अनुमानात उदाहरण हा स्वतंत्र अवयव आहे. डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. हे स्वयंपाकघर पाश्चात्त्य अभ्यासकांना अनेकदा अनावश्यक वाटले. नियम सांगितल्यावर दाखल्याची गरज काय? पण परिसाचा प्रकार पाहिल्यावर त्या स्वयंपाकघराकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो. नियम बोलताना निदान एक खरी जागा दाखवा, जिथे तो घडलेला सर्वांनी पाहिला आहे, असा तो आग्रह आहे.

आणि या आग्रहाला विरोधही इथेच झाला. जे जे सत् ते ते क्षणिक, हे बौद्धांचे मत. अकराव्या शतकातला रत्नकीर्ती ते सिद्ध करू पाहतो, तेव्हा त्याला क्षणिक नसलेल्या वस्तूविषयी बोलावे लागते; आणि त्याच्या मते तशी वस्तू तर जगात नाहीच. म्हणून रिकाम्या पदांविषयीही सार्थ अनुमान करता येते, ही सवलत बौद्धांना हवी होती. उदयनाचार्यांनी 'आत्मतत्त्वविवेका'त हीच सवलत नाकारली. सशाच्या शिंगाविषयी होकार आणि नकार दोन्ही व्यर्थ, तिथे गप्प बसावे, असा त्यांचा पवित्रा. बिमलकृष्ण मतिलाल यांनी या वादाची आधुनिक तर्कशास्त्राशी सांगड घालून तो जगापुढे ठेवला. आम्ही याचा अर्थ 'आमच्याकडे बूल आधीच होता' असा करू इच्छित नाही. नैयायिक शुद्ध आकाराची यादी करत नव्हते. ज्ञान खरोखर होते की नाही हे पाहत होते, आणि म्हणून आकार व वस्तुस्थिती यांची फारकत त्यांनी केली नाही. पण दोन परंपरा वेगवेगळ्या दारांतून एकाच ओसाड खोलीपाशी येऊन थबकल्या, हे खरे.

हा सारा खल पंडितांपुरता नाही. 'या कार्यालयात नोंदवलेल्या सर्व तक्रारींचे निवारण करण्यात आले आहे', हे वाक्य कल्पून पाहा. तक्रारवहीच ठेवली नसेल तर बूल-फ्रेगेच्या अर्थाने हे विधान निखालस सत्य आहे. ऐकणारा मात्र जुन्या कराराने ऐकतो. तो मनातल्या मनात 'प' लावतो आणि 'काही तक्रारींचे निवारण झाले' असे ऐकून समाधानाने घरी जातो. बोलणारा एका कराराने बोलतो, ऐकणारा दुसऱ्या कराराने ऐकतो, आणि दोघांच्या मधल्या फटीत एक संपूर्ण असत्य कोणीही खोटे न बोलता नांदते. 'सर्व पात्र अर्जदारांना लाभ देण्यात आला' या वाक्यात पात्र किती होते हा आकडा नसेल, तर त्या वाक्याने आपल्याला काहीही दिलेले नसते.

तर्कशास्त्राच्या वर्गात अवैध आकार ओळखायला शिकवतात, ते योग्यच आहे. पण दाराप्तीचा इतिहास आणखी एक सवय लावतो. वैध दिसणाऱ्या अनुमानापुढेही क्षणभर थांबावे आणि विचारावे, की 'सर्व' म्हणालात ते ठीक, पण आहेत किती? उत्तर 'एक तरी आहे' असे आले तर दाराप्ती आजही तितकीच पक्की आहे, जितकी ॲरिस्टॉटलच्या काळी होती. उत्तर आले नाही, तर परीस शोधायला निघण्यापूर्वी आपण घरातले लोखंड विकून टाकू नये, हे बरे.